ताण कुणाचा, झळ कुणाला?

(समुपदेशन केंद्रांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



केंद्रावर बसणाऱ्या प्रत्येकीने एक वाक्य शंभरदा ऐकलं असेल. "तसे ते चांगले आहेत हो, पण टेन्शन आलं की हात उचलतात." बाई हे सांगते, सासू सांगते, पोलीस ठाण्यातला हवालदार सांगतो. नवरा शिकलेला असला तर तो स्वतःच सांगतो, "मॅडम, स्ट्रेस फार आहे." आपण चिडतो, आणि ते रास्तच आहे. कामावरच्या टेन्शनमुळे ज्याचं डोकं फिरतं तो साहेबावर हात उचलत नाही. घरी येईपर्यंत तो बरोबर दम धरतो.

तरीही आज मी या ताणाविषयीच बोलणार आहे. ताणाचा नवरा-बायकोच्या नात्यावर आणि घरावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास गेली नव्वद वर्षं चालू आहे. आपल्या चळवळीत त्याकडे संशयाने बघितलं जातं, कारण 'ताण' म्हटलं की गुन्हा पातळ होतो. पण हे संशोधन नीट वाचलं तर ते नवऱ्याची वकिली करत नाही, असं माझं मत आहे. उलट ताण घरात शिरतो कसा आणि तो शोषून घेण्याचं काम कुणाच्या अंगावर पडतं, हे त्यातून दिसतं.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं एक गिरणीगाव होतं. जागतिक मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. १९३१-३२ साली मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांच्या गटाने तिथे अभ्यास केला. त्याचं पुस्तक १९३३ मध्ये निघालं. या लोकांनी नुसती प्रश्नावली भरून घेतली नाही. कपडे वाटले, दवाखाना चालवला, आणि एका खिडकीत घड्याळ घेऊन बसून रस्त्यावरची माणसं किती वेगाने चालतात तेही मोजलं. पुरुष रेंगाळत, जागोजाग थांबत. बायकांचा वेग पुरुषांच्या साधारण दीडपट निघाला. दिवसभर काय केलं असं विचारलं तर पुरुषांना सांगता येईना. बायकांचा दिवस मात्र भरगच्च. गिरणीतली मजुरी दोघांचीही गेली होती, पण बाईचं काम गेलं नव्हतं. कमी पैशांत तेच घर चालवायचं म्हणजे काम वाढलंच होतं. मुंबईच्या गिरण्यांचा १९८२ चा संप आणि नंतरची वर्षं ज्यांनी जवळून पाहिली, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

अमेरिकेतल्या त्याच मंदीवर ग्लेन एल्डर यांनी काम केलं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरातल्या, १९२०-२१ मध्ये जन्मलेल्या मुलामुलींच्या जुन्या नोंदी त्यांना मिळाल्या. त्यांवरचं पुस्तक १९७४ चं. ज्या घरांचं उत्पन्न फार घसरलं तिथे मुलगे बाहेर मिळेल ते काम करायला लागले, मुली घरकामाला जुंपल्या गेल्या. पुढे जेफ्री लायकर यांच्याबरोबर त्यांनी शेजारच्या बर्कलीतल्या कुटुंबांच्या नोंदी तपासल्या (हा लेख १९८३ चा). पैसा गेला की पैशावरून भांडणं वाढली, हे अपेक्षितच होतं. पण चिडखोर आणि स्फोटक झाले ते मुख्यतः पुरुष. बायकांच्या स्वभावात तसा फरक फारसा दिसला नाही. म्हणजे झळ दोघांना बसली, भडका एकाचाच उडाला. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मंदीच्या आधीपासून जे पुरुष तापट होते तेच जास्त बिघडले, आणि जिथे नातं आधी घट्ट होतं तिथे पडझड कमी झाली.

आता आयोवाकडे येते. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या या शेतीप्रधान राज्यात कर्ज आणि जमिनीचे कोसळलेले भाव यांनी शेतकरी बुडाले. रँड काँगर, एल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून तिथल्या ४५१ कुटुंबांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. घरी जाऊन नवरा-बायकोला एखाद्या खटक्याच्या विषयावर बोलायला सांगायचं, त्याचं चित्रण करायचं आणि कोण कुणाशी कसं बोललं ते मोजायचं, अशी पद्धत. त्यांनी मांडलेली साखळी साधी आहे. नुसतं उत्पन्न कमी असणं एवढ्याने सगळं होत नाही. बिलं थकणं, गरजेच्या गोष्टींना कात्री लागणं हा रोजचा जाच माणसाला खचवतो. खचलेलं माणूस घरात कडवट होतं, मायेचे शब्द आटतात, आणि मग नातं विटतं. १९९० च्या त्यांच्या पहिल्या लेखात हा कडवटपणा प्रामुख्याने नवऱ्यांच्या वागण्यात वाढलेला दिसला, आणि बायकोचं समाधान कमी झालं ते नवऱ्याच्या या वागण्यातून. १९९९ च्या लेखात दुसरी बाजू आहे. जी जोडपी एकमेकांना आधार देत आणि अडचणीवर मिळून तोडगा काढत, ती याच जाचात बरीच तगून राहिली.

या अभ्यासाची मर्यादाही सांगते. निवडलेली सगळी घरं आईवडील एकत्र राहणारी होती, सातवीत शिकणारं मूल असलेली. जी बाई आधीच निघून गेली होती ती या मोजणीत नाहीच. कर्जबाजारी नवऱ्यामागे राहिलेल्या विदर्भातल्या बाईचा प्रश्न तर त्यात शोधूच नये.

घरात ताण शिरतो कसा, यावरचा एक छोटा अभ्यास मला फार बोलका वाटतो. रेना रेपेट्टी यांनी १९८९ मध्ये विमानतळावरच्या हवाई वाहतूक नियंत्रकांच्या रोजच्या नोंदी घेतल्या. कामाचा भार जास्त असलेल्या दिवशी ही माणसं संध्याकाळी घरी गप्प गप्प होत, अंग काढून घेत. आणि जोडीदार साथ देणारा असेल तर हे गप्प बसणं जास्त जमे. पुरुषाला अर्धा तास शांत बसू देणं हेही कुणीतरी केलेलं काम असतं, बायांनो! पोरांना बाहेर पिटाळणं, टीव्हीचा आवाज कमी करणं, सासूचा निरोप उद्यावर ढकलणं. आपल्याकडच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, पुरुषाचा ९७ मिनिटं. घरातलं वातावरण सांभाळण्याची मिनिटं कुठल्या रकान्यात धरायची? आणि कारखान्यातून, धुण्याभांड्यांवरून परतलेल्या बाईला गप्प बसायला अर्धा तास कोण देतं?

शरीरावरही हे उमटतं. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी २००५ मध्ये ४२ जोडप्यांच्या हातावर मुद्दाम लहान फोड उठवले आणि ते किती दिवसांत भरतात ते पाहिलं. ज्या जोडप्यांचं बोलणं फार वैरभावाचं होतं त्यांच्या जखमा इतरांच्या ६० टक्के वेगानेच भरल्या. अंगदुखी, पित्त, 'डॉक्टरांना काही सापडत नाही' असं म्हणत येणाऱ्या बाईकडे आपण कसं बघतो, याचा या निमित्ताने विचार करू या.

मग उपाय काय? अमेरिकन सरकारने २००० नंतर गरीब जोडप्यांना नीट बोलायला-भांडायला शिकवण्याचे वर्ग काढले. आठ ठिकाणच्या पाच हजारांहून अधिक अविवाहित, नुकतंच मूल झालेल्या किंवा होऊ घातलेल्या जोडप्यांवर त्यांची चाचणी झाली. तीन वर्षांनी नात्यात किंवा एकत्र राहण्यात एकंदर फरक दिसला नाही. बाल्टिमोर शहरात तर पंधरा महिन्यांनंतर गंभीर मारहाण झाल्याचं सांगणाऱ्या बायका वर्गांच्या गटात जास्त निघाल्या (तीन वर्षांनी तो फरक उरला नव्हता). याउलट मिनेसोटा राज्यात १९९४ पासून काम करणाऱ्या गरीब घरांना सरकारी मदतीतला जास्त पैसा हातात ठेवू दिला. तिथे एकट्या आयांमध्ये मारहाण सोसावी लागणाऱ्यांचं प्रमाण घटलं. त्या योजनेत कुणी कुणाला गोड बोलायला शिकवलं नव्हतं. रेशन, पगार, राहायला जागा हे 'आर्थिक' प्रश्न आणि समुपदेशन हे 'मानसिक' काम, अशी वाटणी आपणही करतो. ती मला पटत नाही.

पण सगळ्यात नाजूक मुद्दा पुढेच आहे. मायकेल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये दाखवलं की मारहाण एकाच जातीची नसते. एक, भांडण चढत जाऊन हात उठतो ती. दुसरी, बाईचा पैसा, येणंजाणं, माहेर, फोन सगळं मुठीत ठेवण्यासाठी जी होते ती. तिला त्यांनी पुरुषसत्ताक दहशत म्हटलं. ताणाचं संशोधन पहिलीबद्दल थोडंफार सांगू शकतं. दुसरीला ताण लागत नाही, ती सुखाच्या दिवसांतही चालते. आणि केंद्राच्या दारात दोन्ही 'टेन्शन' हेच नाव सांगून येतात! म्हणून दोघांना समोरासमोर बसवण्याची घाई नको. आधी बाईशी एकटीशी बोला. तो बाहेरही असाच चिडतो का? पैसे कुणाच्या हातात असतात? तिने नाही म्हटलं तर काय होतं? दार लागल्यावर तिला भीती वाटते का? भीती आहे असं दिसलं तर जोडप्याचं समुपदेशन बाजूला ठेवा आणि सुरक्षिततेचं बघा.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली कोर्ट समुपदेशनाला पाठवतं. २००६ च्या नियमांतला चौदावा नियम सांगतो की प्रतिवादीला समुपदेशनात हिंसेचं समर्थन करता येणार नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं. आपल्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं कोर्टातून आलेली नसतात, पण हा नियम आपल्या टेबलावरही लावायला कुणाची हरकत आहे? कर्ज, नोकरी, दारू याविषयी त्याच्याशी जरूर बोलू. तो बोलला तर मदतही करू. पण 'का मारलंस' याचं उत्तर म्हणून ते लिहून घ्यायचं नाही.

सध्या आपल्या नोंदणी अर्जात 'वादाचे कारण' असा एकच रकाना आहे. त्यात आपण 'आर्थिक ताण, व्यसन, मारहाण' असं एका ओळीत लिहून टाकतो. तो फोडून दोन स्वतंत्र पानं करावीत असं मी सुचवते: एकावर घराची अडचण, दुसऱ्यावर त्याने काय केलं ते, तारखेसह. कच्चा नमुना सोबत आणला आहे. जेवणानंतर गटात बसू तेव्हा प्रत्येकीने आपल्या केंद्रावरचं एक जुनं प्रकरण, नाव झाकून, त्यात भरून बघावं.