बारा सोडून सोळा कशाला?

अमेरिकेत मिनेसोटा किंवा विस्कॉन्सिन राज्यात ऑक्टोबर महिन्यात काडतुसांच्या एखाद्या दुकानात तुम्ही शिरलात, तर फळ्यांवर बहुतेक एकाच मापाचे खोके रचलेले दिसतील. ते माप म्हणजे बारा बोअर. त्याच्या शेजारी थोडे वीस बोअर. अशा दुकानात एखादे पिकल्या केसांचे गृहस्थ येतात आणि जरा संकोचाने विचारतात, “सोळा बोअरची आहेत का हो?” दुकानदार मागच्या खोलीत जातो. कधी दोन खोकी घेऊन येतो, कधी रिकाम्या हातांनी. मिळाली तरी निवड थोडी आणि किंमत जास्त. शेजारी बारा बोअरचा ढीग पडलेला असताना या माणसाने सोळाचा हट्ट का धरावा?

मी शिकारी नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीचे दार बंद झाले, आणि झाले ते बरेच झाले. तेव्हा हे भाषण वाचून कोणी बंदूक शोधायला निघावे, असा माझा मुळीच हेतू नाही. पण सोपे आणि मुबलक सोडून माणूस थोडे अडचणीचे का पत्करतो, हा प्रश्न मला बंदुकीपेक्षा मोठा वाटला. म्हणून त्याचा थोडा मागोवा घेतला.

आधी हा ‘बोअर’चा आकडा काय आहे ते पाहू. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिसे घ्या. लाडू वळावेत तसे त्याचे सारख्या वजनाचे बारा गोळे वळा. त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल, ती बारा बोअरची नळी. सोळा गोळे वळलेत, तर गोळा लहान होईल आणि नळीही बारीक होईल. ती सोळा बोअरची. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. हा उलटा हिशेब चमत्कारिक वाटतो खरा, पण कापड गिरणीत काम केलेल्या माणसाला तो लगेच पटेल. इंग्रजी पद्धतीत सुताचा नंबर असाच ठरतो. ८४० वारांची एक लडी; एका पौंडात अशा जितक्या लड्या बसतील, तो सुताचा नंबर. म्हणून वीस नंबरचे सूत जाड आणि साठ नंबरचे तलम. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर बारा बोअरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५, सोळाचा १६.८, विसाचा १५.६ आणि अठ्ठाविसाचा १४ भरतो.

आता सोळा या आकड्याची एक गंमत पाहा. पौंडाचे औंस सोळा. म्हणजे सोळा बोअरच्या नळीत बसणारा गोळा बरोबर एक औंसाचा. पाखरांच्या शिकारीत एकच गोळी वापरत नाहीत, बारीक छर्रे वापरतात. पण त्या छऱ्यांचेही सोळा बोअरमधले रुळलेले वजन एक औंसच आहे. इंग्लंडमध्ये ग्रीनर नावाचे बंदूक बनवणारे प्रसिद्ध कारागीर होऊन गेले. त्यांच्या नावाने एक अडाखा सांगतात. काडतुसात जेवढ्या वजनाचे छर्रे, त्याच्या ९६ पट वजनाची बंदूक असावी. त्याहून हलकी असेल तर धक्का खांद्याला सोसत नाही, आणि जड असेल तर उगाच ओझे. एक औंसाला ९६ ने गुणा. ९६ औंस, म्हणजे सहा पौंड झाले. बारा बोअरमध्ये सव्वा औंस छर्रे भरलेत, तर याच हिशेबाने बंदूक साडेसात पौंडांची हवी.

तुम्ही म्हणाल, दीड पौंडाने असे काय मोठे बिघडते? घरात बसून विचाराल, तर काहीच नाही. पण उत्तर अमेरिकेतल्या रफ्ड ग्राउजच्या मागे जाणाऱ्या माणसाला विचारून पाहा. हा पक्षी आपल्या रानकोंबड्याच्या कुळातला, वजनाने सव्वा-दीड पौंडांचा. कोवळ्या झाडांच्या दाट गचपणात तो राहतो. शिकारी कुत्रा पुढे सोडतो आणि फांद्या बाजूला सारत, पडलेली खोडे ओलांडत सबंध दिवस चालतो. बंदूक खांद्याला अडकवून चालत नाही. पाखरू केव्हा उठेल याचा नेम नसतो, म्हणून ती दोन्ही हातांत तयार धरावी लागते. आणि मग पायाजवळून एकाएकी धडधडाट करीत ग्राउज उठतो, अन् दोन-तीन पळांत झाडाआड दिसेनासा होतो. दिवसभरात बार काढायचे ते चार-सहा वेळा. बाकी सारा वेळ चालण्याचा आणि ओझे वाहण्याचा. संध्याकाळी दमलेला हात जड बंदूक वेळेवर उचलत नाही. दुकानात कळत नाही ती दीड पौंडाची किंमत इथे कळते.

पण मग मारा कमी पडत नाही का? इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. छर्रा बारा बोअरमधून सुटला की सोळामधून, हे छऱ्याला ठाऊक नसते. आकार तोच आणि वेग तोच असला, तर त्याचा आघातही तोच. फरक पडतो तो संख्येत. साडेसात नंबरचे शिशाचे छर्रे एका औंसात सुमारे ३५० बसतात; सव्वा औंसात सुमारे ४३५. लांबच्या पाखरावर छऱ्यांचा पसारा विरळ होतो, तिथे हे जादा छर्रे उपयोगी पडतात. पण गचपणातला ग्राउज बहुधा वीस-पंचवीस वारांच्या आतच उठतो. तेवढ्या अंतरावर एक औंसाचा पसारा पुरेसा दाट असतो.

यावर कोणी म्हणेल, “मग वीस बोअर का नको? ती तर आणखी हलकी!” शंका रास्त आहे. वीस बोअरचे रुळलेले वजन पाऊण औंसाहून थोडे अधिक, म्हणजे औंसाचे सात अष्टमांश. तिच्यातही एक औंस भरता येतो. पण नळी बारीक असल्याने तेच छर्रे उंच थरात उभे राहतात. बार झाला की वरच्या छऱ्यांचा भार खालच्यांवर पडतो, ते चेपतात आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. सोळा बोअरमध्ये एक औंस छऱ्यांचा थर जवळजवळ जितका रुंद तितकाच उंच भरतो. आता हेही खरे, की छर्रे प्लॅस्टिकच्या पेल्यात भरू लागल्यापासून हा फरक बराच कमी झाला आहे. तेव्हा सोळाचा कैवार घेणाऱ्याने याचे फार स्तोम माजवू नये. जुने शिकारी म्हणतात, ही बंदूक वाहायला विसासारखी आणि मारायला बारासारखी. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण पाया खरा आहे.

इतकी बेताची वस्तू मग मागे का पडली? जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम या देशांत सोळा बोअर पुष्कळ रुळलेली होती. अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बाराच्या खालोखाल होती. ब्राउनिंग कंपनीच्या आपोआप भरणाऱ्या बंदुकीला तर ‘स्वीट सिक्स्टीन’ असे लाडके नावच पडले होते. पण हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडण्याचा एक खेळ तिथे रूढ झाला. १९२६ साली त्याला ‘स्कीट’ हे नाव मिळाले. त्याच्या स्पर्धांत बारा, वीस, अठ्ठावीस आणि चारशे दहा अशा चार मापांचे गट ठरले. सोळाला जागा मिळाली नाही. शिकारी वर्षाला काही खोकी उडवतो, स्कीटवाला आठवड्याला उडवतो. साहजिकच काडतुसांचे कारखाने ज्याचा खप त्याच्या मागे गेले. पुढे १९५० नंतरच्या दशकात वीस बोअरचे तीन इंची लांब काडतूस निघाले आणि सोळाची उरलीसुरली जागाही त्याने घेतली. त्यातच काही कारखानदारांनी बाराच्याच जाड सांगाड्यावर सोळाची नळी चढवून विकायला आरंभ केला. वजन बाराचे आणि मारा सोळाचा! अशी बंदूक कोण घेणार? एका शहाण्या मापाचे असे वाटोळे झाले. तरी चाहते टिकून राहिले, आणि २०१६ साली ब्राउनिंगने ‘स्वीट सिक्स्टीन’ या नावाने नवी बंदूक पुन्हा बाजारात आणली.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे. पाणथळीत पडलेले शिशाचे छर्रे बदके गिळतात आणि विषबाधेने मरतात. म्हणून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरायला अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंदी आहे. त्यांच्या जागी आलेले पोलाद शिशाहून पुष्कळ हलके. तोच आघात साधायचा तर छर्रे मोठे घ्यावे लागतात, आणि मोठे छर्रे बारीक नळीत थोडेच मावतात. बिस्मथ धातूचे छर्रे शिशाला अधिक जवळचे, पण महाग. तेव्हा दूरच्या बदकांसाठी सोळा बोअर हे काही चांगले हत्यार नव्हे. शिवाय आजोबांची जुनी युरोपीय बंदूक कोणाकडे असेल, तर तिच्यात काडतुसाची जागा बहुधा ६५ मिलिमीटर लांबीची असते. आजचे काडतूस ७० मिलिमीटरचे. ते आत बसते, पण बार होताना त्याचे तोंड पुरते उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. जाणत्या कारागिराला दाखविल्याशिवाय अशी बंदूक वापरणे धोक्याचे.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट पाखराची. चाळीस-पन्नास वारांवरच्या पाखरावर एक औंसाचा बार टाकला, तर छऱ्यांच्या विरळ पसाऱ्यातून एखाद-दुसराच त्याला लागतो. ते पडत नाही. जखमी होऊन झाडीत जाते आणि कुठेतरी तडफडून मरते. शिकाऱ्याला वाटते, नेम चुकला. म्हणून सोळा बोअर हातात धरणाऱ्याने एक मर्यादा मनाशी बांधून घ्यावी लागते: इतक्या वारांपलीकडे चाप ओढायचा नाही. ज्याला असे थांबता येते, त्याच्या हातातच ही बंदूक शोभते. केवळ चारचौघांत वेगळे दिसण्यासाठी जो ती घेतो, त्याच्या हौसेची किंमत पाखरू मोजते.

हे ‘थांबणे’ किती अवघड आहे, त्याची एक खूण आपल्या देशातच आहे. राजस्थानात भरतपूरच्या पाणथळीत, आज जिथे केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे तिथे, जुन्या शिकारींचे आकडे दगडावर कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात, व्हाइसरॉय लिनलिथगो पाहुणे असताना, ४,२७३ पक्षी मारल्याची त्यात नोंद आहे. तिथे पाहुणे पाखरामागे चालले नाहीत. पाखरेच त्यांच्यावरून गेली. ढीग किती झाला एवढाच तिथे प्रश्न होता. दिवसभर चालून दोन पाखरे, किंवा एकही नाही, अशा झोळीने परतणारा माणूस त्याच छंदातला असला, तरी त्याचा हिशेब वेगळा आहे.

त्या दुकानातल्या पिकल्या केसांच्या गृहस्थांकडे पुन्हा पाहा. त्यांनी आपले रान पाहिले, पाखरू कुठून उठते ते पाहिले, आपल्या दंडातले बळ पाहिले आणि त्याला पुरेल तेवढेच माप घेतले. आपल्याकडेही ही चूक रोज दिसते. विहिरीला पाणी तीन अश्वशक्तीच्या मोटारीपुरते, आणि शेजाऱ्याने बसवली म्हणून आपणही साडेसातची बसवतो. घटकाभरात विहीर कोरडी पडते आणि मोटार नुसती हवा ओढते. पुढच्या वेळी एखादी वस्तू घेताना दुकानदार म्हणेल, “सगळे हीच नेतात.” तेव्हा त्याला जरा थांबायला सांगा, आणि आपल्या विहिरीला पाणी किती आहे ते आधी आठवा.