सोन्याचीं मनगटी घड्याळें



शिरूर तालुक्यांतील केंदूर हें माझें गांव. सारें आयुष्य मुलांना शिकविण्यांत गेलें. अशा माणसानें सोन्याच्या मनगटी घड्याळांच्या संग्रहाविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. माझ्या संग्रहांत खऱ्या सोन्याचीं घड्याळें दोनच आहेत, हें आरंभींच सांगून टाकतों. परंतु या छंदाचें मूळ एका घड्याळाच्या नाशांत आहे, आणि तो नाश माझ्या हातून झाला.

माझे थोरले चुलते मुंबईस एका पेढीवर कारकून होते. निवृत्तीच्या वेळीं मालकांनीं त्यांस सोन्याचें स्विस घड्याळ दिलें. काका वारल्यावरही काकू रोज सकाळीं त्याला चावी देत. १९८० सालीं चुलतबहिणीचें लग्न ठरलें, तेव्हां काकूंनीं तें माझ्या हातीं ठेविलें व म्हणाल्या, “याचे काय येतील तें पाहून ये रे.” मी पुण्यास एका सराफाकडे गेलों. त्यानें यंत्र बाहेर काढलें, डबी तोलली, पैसे मोजले आणि यंत्र कागदाच्या पुडींत बांधून परत दिलें. एस्. टी.मध्यें बसल्यावर पुडी कानाशीं धरली. शिक्रापूर मागें पडलें तरी आंत टिकटिक चालूच होती. घरीं आल्यावर काकूंनीं पैसे मोजले नाहींत. पुडी मात्र मागून घेतली.

सराफाचा यांत दोष नव्हता. मीं सोनें विकावयास नेलें, त्यानें सोनें घेतलें. शिवाय तो काळच तसा होता. २५ डिसेंबर १९६९ रोजीं टोकिओ येथें सीको कंपनीनें क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारें मनगटी घड्याळ प्रथम विक्रीस काढलें. त्याची डबी १८ कॅरट सोन्याची व किंमत साडेचार लाख येन होती! पुढें तींच घड्याळें अत्यंत स्वस्त झालीं व चावीच्या घड्याळांना कोणी विचारीना. इकडे जानेवारी १९८० मध्यें जागतिक बाजारांत सोनें औंसाला ८५० डॉलरांपर्यंत चढलें. यंत्राची किंमत उतरलेली, डबीची चढलेली. मग जगभर कितीतरी उत्तम घड्याळें मुशींत गेलीं. आज जीं उरलीं आहेत त्यांचें मोल त्यामुळेंच वाढलें आहे.

आपल्याकडे अशीं घड्याळें पुष्कळ होतीं. स्वित्झर्लंडची फेवर-ल्यूबा ही पेढी एकोणिसाव्या शतकांतच मुंबईस आली. बंगलोरला एच्. एम्. टी.चा घड्याळांचा कारखाना १९६१ सालीं निघाला. तोंपर्यंत चांगलें घड्याळ म्हणजे बहुधा स्विस, अशीच समजूत होती. तेव्हां एखाद्या जुन्या पेटींत असें घड्याळ सांपडणें अशक्य नाहीं.

तें सांपडल्यास काय पाहावें? प्रथम झांकणाची आंतील बाजू. चोवीस भागांत अठरा भाग सोनें म्हणजे १८ कॅरट; तेथें ७५० किंवा ०·७५० हा आंकडा असतो. जुन्या स्विस डब्यांवर १८ कॅरटला स्त्रीच्या मुखाचा व १४ कॅरटला खारीचा बारीक ठसा आढळतो. ‘२० मायक्रॉन’ असे शब्द असतील तर तो केवळ मुलामा. पट्टा अडकवावयाच्या टोकांशीं सदऱ्याची बाही घासून मुलामा उडतो व खालचा धातु डोकावतो. तेथें भिंगानें पाहावें. पुष्कळदां डबी सोन्याची व मागील झांकण पोलादाचें, असाही प्रकार असतो.

दुसरें, चकाकीचा मोह धरूं नये. सोनें मऊ; वारंवार घासल्यानें कडा गोल होतात व ठसे पुसले जातात. पिवळी पडलेली तबकडी नव्यानें रंगवून घेऊं नये. संग्राहक मूळ तबकडीलाच मान देतात. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या घड्याळाला लगेच चावी देऊं नये. आंतील तेल सुकलेलें असतें. कोरड्या यंत्राची झीज होते. आधीं जाणत्या घड्याळजीकडून तें साफ करून घ्यावें. पावसाळ्यांत ओलीपासून जपावें.

गरज कोणाला चुकली आहे? लग्नकार्यासाठीं घड्याळ विकावें लागलें तर विकावें. त्यांत लाज नाहीं. पण सराफाच्या तराजूपूर्वीं तें घड्याळजीच्या भिंगाखालीं जाऊं द्यावें. सोन्याचा भाव आज ना उद्यां पुन्हां मिळेल. मोडलेली डबी मिळणार नाहीं.

काकूंच्या मागें ती पुडी माझ्याकडे आली. माझ्या संग्रहांत तिचा क्रमांक पहिला आहे.