ऐकणाऱ्याचा अधिकार



गाणें ऐकून झालें कीं त्याविषयीं मत देण्याची इच्छा होणें हा मनुष्यस्वभावच आहे. जेवणाऱ्यानें स्वयंपाकाविषयीं, प्रेक्षकानें नाटकाविषयीं आणि वाचकानें पुस्तकाविषयीं बोलावें, तसेंच ऐकणाऱ्यानें गाण्याविषयीं बोलावें, ह्यांत गैर कांहीं नाहीं. प्रश्न एवढाच कीं, त्या मताचें मोल कशावरून ठरवावें, आणि ऐकणाऱ्याचा गाणाऱ्यावर नेमका कोणता अधिकार पोंचतो? ह्या प्रश्नाचा मोघम विचार करण्यापेक्षां एक उदाहरण पुढें ठेवून तो करणें बरें. तें उदाहरण मी स्कॉटलंडांतील ग्लासगो शहराचें घेत आहें. आपल्या घरांतील तरुण मंडळींना तें कदाचित् ठाऊक असेल. वडील मंडळींनाहि तें समजण्यास अडचण पडूं नये.

ग्लासगो येथें १९९६ सालीं ‘बेल अँड सेबॅस्टियन’ ह्या नांवाचा एक बँड उभा राहिला. हें नांव सेसिल ओब्री ह्या फ्रेंच लेखिकेच्या बालकथेवरून घेतलेलें आहे. ह्या मंडळींच्या संगीतास ‘इंडी पॉप’ म्हणतात. ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र. मोठ्या कंपन्यांच्या भांडवलावर अवलंबून न राहतां लहान कंपन्यांच्या आश्रयानें अगर स्वतःच्या हिंमतीवर तबकड्या काढणाऱ्या गायक-वादकांस हें विशेषण लागलें, आणि पुढें त्यांच्या हळुवार, घरगुती वळणाच्या चालींनाहि तेंच नांव चिकटलें.

ह्या बँडचे मुख्य गीतकार व गायक स्ट्युअर्ट मर्डॉक यांचा जन्म १९६८ चा. ऐन विशींत असतां त्यांना अंगांतील सारी शक्ति शोषून घेणारा दीर्घ थकव्याचा विकार जडला. शिक्षण सुटलें, आणि सुमारें सात वर्षें त्यांचें जग बव्हंशीं घरापुरतेंच उरलें. त्या आजारपणांतच ते गाणीं रचूं लागले. खोलींत बसून खिडकींतून जग पाहणाऱ्याचीं तीं गाणीं होतीं. त्यांचा आवाज दबका, वाद्यें मोजकीं, आणि शब्दांत एकाकी माणसाची नर्मविनोदी समजूत होती. पुढें स्टो कॉलेजांतील संगीत-व्यवसायाच्या वर्गानें त्यांचा ‘टायगरमिल्क’ हा पहिला आल्बम १९९६ च्या जूनमध्यें काढला. त्याच्या प्रती काढल्या अवघ्या एक हजार. ज्यांना तबकडी मिळाली नाहीं, ते कोणाकडून तरी फितीवर नक्कल करून घेऊन ती ऐकूं लागले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’ हा दुसरा आल्बम निघाला. ही मंडळी त्या काळीं मुलाखती क्वचितच देत. जाहिरातीचा गाजावाजा नव्हता. एका ऐकणाऱ्यानें दुसऱ्याला सांगितलें, दुसऱ्यानें तिसऱ्याला, अशा रीतीनें त्यांचें नांव पसरलें.

अशा पद्धतीनें पसरलेल्या कीर्तीचा एक विशेष असतो. ज्यानें एखादें गाणें स्वतः शोधून काढलें, त्याला तें आपलें स्वतःचें वाटूं लागतें. बाजारांत सर्वांना मिळणारी वस्तु आणि आपल्या परसांत आपण लावलेलें झाड, ह्यांत जो फरक, तोच येथें पडतो. ह्या ममत्वाचें बळ किती असतें, हें १९९९ च्या फेब्रुवारींत दिसून आलें. ब्रिटनमधील ‘ब्रिट’ पारितोषिकांपैकीं सर्वोत्कृष्ट नवोदितांचें पारितोषिक त्या वर्षीं श्रोत्यांच्या मतांवरून द्यावयाचें होतें. ‘स्टेप्स’ हा घरोघर गाजलेला समूह जिंकणार असाच बहुतेकांचा अंदाज होता. मतें मोजलीं गेलीं, तों पारितोषिक ‘बेल अँड सेबॅस्टियन’ला मिळालेलें! मतदानांत कांहीं लबाडी झाली असावी असा संशयहि जाहीरपणें घेण्यांत आला; परंतु निकाल कायम राहिला. गमतीची गोष्ट ही कीं, त्या वेळीं ह्या ‘नवोदितां’चे तीन आल्बम प्रसिद्ध होऊन चुकले होते. एवढें मात्र ठरलें कीं, थोड्याच पण एकनिष्ठ ऐकणाऱ्यांचें मत मोठ्या बाजारालाहि कधीं कधीं चकवूं शकतें.

आतां ह्याच एकनिष्ठेची दुसरी बाजू पाहूं. २००३ सालीं ह्या मंडळींनीं ‘डिअर कॅटॅस्ट्रोफी वेट्रेस’ हा आल्बम ट्रेव्हर हॉर्न यांच्या देखरेखीखालीं केला. हॉर्न हे झगमगीत, घोटीव ध्वनिमुद्रणाबद्दल प्रसिद्ध. पूर्वीचा दबका आवाज ह्या आल्बमांत मोकळा झाला, ताल ठसठशीत झाला, आणि पुढच्या वर्षीं मर्क्युरी पारितोषिकासाठीं निवडलेल्या आल्बमांच्या यादींत त्याची गणना झाली. परंतु जुन्या ऐकणाऱ्यांपैकीं कित्येकांना आपलें माणूस परक्या घरीं राहावयास गेल्यासारखें वाटलें. २०१५ च्या आल्बमांत तर नाचाचे ठेके आले, आणि तोच वाद पुन्हां झाला.

ह्या वादाचें सर्वांत स्पष्ट रूप २०२३ च्या जानेवारींत निघालेल्या ‘लेट डेव्हलपर्स’ ह्या आल्बमाच्या वेळीं दिसलें. नांवाचा अर्थ ‘उशिरां उमलणारे’. २०२० सालीं ध्वनिमुद्रणासाठीं अमेरिकेस जाण्याचा ह्या मंडळींचा बेत महामारीमुळें फसला, म्हणून त्यांनीं ग्लासगोमध्येंच काम केलें. त्यांतून २०२२ च्या मेमध्यें एक आल्बम निघाला आणि आठ महिन्यांनीं हा दुसरा. ह्यांत दोन गाणीं अशीं आहेत कीं तीं परीक्षकापुढें मुद्दाम शेजारीं शेजारीं ठेवावींत. एकाची रचना मर्डॉक यांनीं १९९४ च्या सुमारास, म्हणजे बँड स्थापन होण्यापूर्वीं केलेली. तें त्यांनीं ट्रेसीॲन कॅम्पबेल ह्या ग्लासगोच्याच गायिकेच्या साथीनें गाइलें. दुसरें गाणें एका तरुण संगीतकाराच्या सहकार्यानें रचलेलें, विजेच्या वाद्यांनीं लखलखणारें, आजच्या बाजारी पॉप-गीतांच्या थेट शेजारीं बसणारें. बाहेरच्या माणसाबरोबर गाणें रचण्याचा ह्या बँडचा हा पहिलाच प्रसंग होता.

ह्या आल्बमावर जे अभिप्राय उमटले, त्यांचे ढोबळ मानानें तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग म्हणतो कीं, जुनें तेंच खरें. १९९४ चें गाणें पाहा, असें आतां कां होत नाहीं? दुसरा वर्ग म्हणतो कीं, आमच्या मंडळींनीं जें केलें तें चांगलेंच असलें पाहिजे. तिसरा वर्ग लहान आहे. तो म्हणतो कीं, अमुक गाणें साधलें, अमुक साधलें नाहीं, आणि त्याचीं कारणें हीं. माझ्या मतें ह्या तिसऱ्याच वर्गाच्या मताला अभिप्राय हें नांव शोभतें. पहिल्यांत स्वतःच्या तारुण्याची आठवण बोलते; दुसऱ्यांत निष्ठा बोलते. दोन्ही गोष्टी आदरणीय खऱ्या, परंतु त्यांवरून गाण्याविषयीं फारसें कांहीं कळत नाहीं.

पहिल्या वर्गाचें म्हणणें थोडें बारकाईनें तपासूं, कारण आपल्यापैकीं बहुतेक जण वयानुसार त्याच वर्गांत जाऊन बसतों. १९९६ सालीं ज्या तरुणाजवळ ही एक तबकडी होती, त्यानें ती महिनोन्‌महिने ऐकली. दुसरी घ्यावयास पैसे नव्हते म्हणून ऐकली, पाऊस होता म्हणून ऐकली, परीक्षेच्या आदल्या रात्रीं ऐकली. शंभर वेळां ऐकलेल्या गाण्यांत आयुष्याचा एक तुकडा मिसळून जातो. आतां नवा आल्बम बोटाच्या एका स्पर्शासरशी घरांत येतो, एकदां ऐकला जातो, आणि तासाभरांत त्यावर मत देऊन माणूस मोकळा होतो. एकाला शंभर वेळां संधि, दुसऱ्याला एकदांच. आणि निकाल काय, तर पहिला श्रेष्ठ! एका विद्यार्थ्यास वर्षभर शिकवून आणि दुसऱ्यास एकच दिवस शिकवून दोघांची एक परीक्षा घेणाऱ्या शिक्षकास आपण न्यायी म्हणणार नाहीं.

शिवाय ज्या जुन्या रूपावर ऐकणाऱ्याचा एवढा जीव, तें खुद्द कर्त्याला समाधानकारक वाटत होतें काय? ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’ ह्या आल्बमाच्या ध्वनिमुद्रणाबद्दल मर्डॉक असमाधानी होते. म्हणून २००५ च्या सप्टेंबरांत लंडनच्या बार्बिकन सभागृहांत तो सबंध आल्बम पुन्हां वाजविण्यांत आला आणि त्याचें नवें ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालें. त्याचें उत्पन्न त्याच वर्षीं ऑक्टोबरांत काश्मिरांत झालेल्या भीषण भूकंपांतील आपद्ग्रस्तांच्या मदतीसाठीं देण्यांत आलें. तरीहि असंख्य ऐकणारे १९९६ च्या त्या पातळ, थोड्या धूसर ध्वनिमुद्रणालाच धरून राहिले. कर्त्याला जें उणें वाटलें तेंच त्यांना जिव्हाळ्याचें वाटलें. येथें ऐकणारे चुकले असें मी म्हणणार नाहीं. धूसरपणांतहि गोडी असूं शकते, आणि आपल्या कृतीचा उत्तम पारखी कर्ताच असतो असा नियम नाहीं. परंतु कर्त्यानेंहि त्या धूसरपणांत कायमचें राहावें, असा हट्ट मात्र धरतां येत नाहीं.

हा हट्ट किती निष्ठुर होऊं शकतो, तें पाहा. पहिलीं गाणीं कोठून आलीं? एका तरुणाच्या आजारपणांतून, बंद खोलींतून, वर्षानुवर्षांच्या अशक्तपणांतून. ह्या काळाविषयीं मर्डॉक यांनीं २०१५ सालीं ‘नोबडीज एम्पायर’ हें गाणें केलें आणि २०२४ सालीं त्याच नांवाची कादंबरीहि प्रसिद्ध केली. म्हणजे ते तो काळ विसरलेले नाहींत. पण ‘लेट डेव्हलपर्स’ निघाला तेव्हां ते चौपन्न वर्षांचे होते. मनुष्य त्या खोलींतून बाहेर आला, जगभर हिंडला, लोकांना नाचतांना त्यानें पाहिलें, आणि त्यालाहि नाचाचें गाणें करावेंसें वाटलें. अशा वेळीं ‘तुमचीं पूर्वीचीं गाणीं बरीं होतीं, तशींच करा’ असें म्हणणें म्हणजे, नीट विचार केला तर, ‘तुम्ही पुन्हां त्या खोलींत जाऊन पडा’ असें म्हणणें होय. कोणताहि सहृदय ऐकणारा हें जाणूनबुजून म्हणणार नाहीं. नकळत मात्र पुष्कळ जण म्हणतात.

आपल्या नाटकगृहांत ‘वन्स मोअर’ची प्रथा रूढ आहे. आवडलेलें पद पुन्हां ऐकावेंसें वाटलें तर रसिक तसें ओरडून सांगतो, आणि नट तें पुन्हां म्हणतो. ही प्रथा गोड आहे, पण तिला मर्यादा आहे. ‘वन्स मोअर’ त्या रात्रीपुरता मागावयाचा असतो, जन्मभरासाठीं नव्हे.

ह्याचा अर्थ ऐकणाऱ्यानें मुकाट्यानें सर्व गोड मानून घ्यावें असा नाहीं. बदल हा स्वतःच कांहीं गुण नव्हे. नव्या गाण्याची चाल फुसकी असेल, शब्द भरतीचे असतील, वाद्यांच्या गजबजाटांत गाणारा हरवला असेल, तर तें स्पष्ट सांगावें. दुसऱ्या वर्गांतील भक्तांची सरसकट वाहवा कर्त्याला निंदेपेक्षांहि अधिक नडते, कारण तिच्यामुळें त्याला आपलें कोठें बिघडलें हें कळेनासें होतें. ऐकणाऱ्यानें पैसे दिले ते एका आल्बमासाठीं. पुढचा न घेण्याचें, न ऐकण्याचें स्वातंत्र्य त्याला पूर्णपणें आहे. ‘हें मला रुचत नाहीं’ हें वाक्य तो केव्हांहि म्हणूं शकतो, आणि त्यावर वाद नाहीं. वाद सुरू होतो तो ‘हें मला रुचत नाहीं’ ह्याचें ‘हें वाईट आहे’ असें रूपांतर होतें तेथें.

म्हणून मत देण्यापूर्वीं स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. गाणाऱ्यानें येथें काय करण्याचा प्रयत्न केला आहे? तो प्रयत्न कितपत साधला आहे? आणि शेवटीं, तें मला आवडतें काय? बहुतेक भांडणें तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर पहिल्यांदां दिल्यामुळें होतात. ह्या तीन प्रश्नांसाठीं गाणें निदान तीन वेळां ऐकावें लागतें, आणि तीन वेळां ऐकण्याइतकाहि वेळ ज्याला नाहीं त्यानें मत देण्याचीहि घाई करूं नये.

ग्लासगोच्या ह्या बँडचें उदाहरण दूरचें असलें तरी घरोघरीं रोज हाच प्रसंग घडतो. मुलगा आपल्या आवडीचें गाणें लावतो आणि पहिल्या दोन ओळींतच वडील ‘हीं काय गाणीं!’ म्हणून उठून जातात. वडिलांच्या आवडीचें पद लागलें कीं मुलगा कानांत यंत्र घालतो. दोघांचीहि आवड खरी आहे. न्याय मात्र दोघांपैकीं एकानेंहि केलेला नाहीं. वडिलांनीं मुलाचें एक गाणें तीन वेळां आणि मुलानें वडिलांचें एक पद तीन वेळां ऐकावें, मग खुशाल एकमेकांस नांवें ठेवावींत. तोंपर्यंत अभिप्राय राखून ठेवण्यांत कोणाचेंहि नुकसान नाहीं. आणि कदाचित् तिसऱ्या खेपेस नांवें ठेवण्याची इच्छाहि उरणार नाहीं.