न्यायाचा खर्च कोणी सोसावा?



नदीचे पाणी नासले तर त्याचा त्रास साऱ्या गावाला होतो. परंतु न्यायालयात जाण्याचा खर्च मात्र एखाददुसऱ्या नागरिकाच्या माथी पडतो. लाभ सर्वांचा आणि भार एकाचा, ही विषमता कशी दूर करावी, याविषयी आज काही विचार मांडावयाचे आहेत.

अमेरिकेत ज्याने त्याने आपल्या वकिलाचा खर्च सोसावा, असा जुना दंडक आहे. अलास्कातील तेलवाहिनीविरुद्ध लढलेल्या संस्थांनी वकिलांची फी मागितली, तेव्हा कायद्यात तरतूद नसता ती देवविता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिला. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यात अशी तरतूद होती. १९८० च्या कायद्याने शासनाविरुद्धच्या इतर अनेक दिवाणी दाव्यांसाठीही वाट मोकळी केली. दावा जिंकणाऱ्याची फी शासनाने द्यावी. मात्र शासनाची भूमिका सबळ आधारावर होती असे सिद्ध झाल्यास ती देऊ नये, असे त्याचे सूत्र आहे. ही रक्कम संबंधित खात्याच्या निधीतून जाते. निष्काळजी निर्णयाची किंमत त्या खात्यालाच मोजावी लागते, हे त्यातील मर्म होय.

आपल्याकडे खर्च देवविणे हे मुख्यत्वे न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून आहे. तामिळनाडूतील पालार नदी चर्मोद्योगाच्या सांडपाण्याने दूषित झाल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, याचिकेची बाजू मांडणारे वकील एम. सी. मेहता यांना फी व इतर खर्चापोटी ५०,००० रुपये देण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यातही खर्चाविषयी आदेश देण्याचा अधिकार आहे. या न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यास आहे. शिवाय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती व जमाती तसेच औद्योगिक आपत्तीचे बळी यांना मोफत विधी साहाय्य मिळू शकते. ही माहिती ग्रामसभेत सांगितली गेली पाहिजे.

अधिकारी बंधूंना एवढेच सुचवावेसे वाटते, की दावा लावणारा नागरिक शासनाचा वैरी नव्हे. तक्रार वेळीच ऐकली, पाण्याचा नमुना वेळीच तपासला, तर फी देण्याचा प्रसंगच येणार नाही. आणि तो आलाच, तर सार्वजनिक हितासाठी पदरमोड करणाऱ्याला त्याचा खर्च परत मिळणे, हा उपकार नसून न्यायाचाच भाग आहे.