रात्रीच्या चार फेऱ्या

खुब्याचा सांधा बदलून मी धाराशिवला घरी आलो. भेटायला येणारा जो तो विचारी, ‘चालता येतं का?’ रात्री लघवीला किती वेळा उठता, हे कुणी विचारलं नाही. मी चारदा उठत होतो. दर वेळी बायकोला हाक मारायची लाज वाटे, म्हणून पाणीच तोडलं. लघवी गडद झाली, जळजळू लागली. फेऱ्या काही कमी झाल्या नाहीत.

एका रात्री एकटाच निघालो. वॉकर वाकळीत अडकला. भिंत होती म्हणून वाचलो. बायको उठून एवढंच म्हणाली, ‘मेरेकू कायकू नै उठाए?’

डॉक्टरांनी लघवी तपासायला लावली आणि उलगडून सांगितलं. दिवसभर बसून पायांत साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं, मग लघवी वाढते. पाणी तोडायचं नाही. दिवसा पुरेसं प्यायचं, संध्याकाळनंतर बेतानं. रात्रीचा चहा बंद.

इंग्लंडात जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये या शस्त्रक्रियेला आधुनिक रूप दिलं. आपल्या उकिडवं बसायच्या संडासाचा हिशेब त्यांच्याकडे कुठला असणार! आम्ही उंच कमोडखुर्ची आणली, उशाशी लघवीचं भांडं आणि बारीक दिवा ठेवला.

आता दोनदाच उठतो. दुसऱ्यांदा बहुधा फजरची अजान होत असते. नमाज खुर्चीवर बसून पढतो.