चूक वाचता आली पाहिजे

(जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत संध्याकाळचे मोफत अभ्यासवर्ग चालवणाऱ्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



माझ्याकडे शिक्षणशास्त्राची पदवी नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि माझ्या कामाचा निम्मा वेळ चुका शोधण्यात जातो. आज बोलायचा माझा अधिकार तेवढाच. तुम्ही रोज मुलांना शिकवता, त्यामुळे मी चुकीचं काही बोललो तर तिथेच थांबवा.

फळ्यावर एक वजाबाकी लिहितो. ५२ वजा ३७. दोन मुलांनी उत्तर लिहिलं २५. दोघांच्या वहीत लाल फुली, दोघांना शून्य. बरोबर उत्तर १५. आता मी फक्त एक आकडा बदलतो. ५२ वजा ३८. बरोबर उत्तर १४. पहिल्याने लिहिलं २६, दुसऱ्या मुलीने लिहिलं २४.

दोघांनी काय केलं ते बघा. पहिला म्हणतो, दोनातून आठ जात नाहीत, मग आठातून दोन घालवू. मोठ्यातून लहान वजा करायचं एवढाच नियम त्याला माहीत आहे. दुसरीने हातचा नीट घेतला, बारातून आठ गेले चार, पण ज्या दशकाकडून उसने घेतले त्याच्या खात्यातून एक कमी करायचं राहून गेलं. पाचातून तीन गेले दोन. उसनवारी केली, पण नोंद केली नाही. आपल्या बाजारात असला व्यवहार कोणी चालवून घेणार नाही, पण वहीत चालतो.

दोघांचा आजार वेगळा आहे. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे हातात देऊन दहाचा गठ्ठा सोडायला शिकवावं लागेल. दुसरीला ते सगळं येतं. तिला वरच्या पाचावर काट मारून चार लिहायची सवय लावली की पंधरा मिनिटांत काम झालं. आपण मात्र दोघांना एकच सांगतो: 'लक्ष देत नाहीस, दहा वेळा सोडव.' मग दोघंही आपापली चूक दहा वेळा घोटून पक्की करतात.

अजून एक गोष्ट पाहा. ५२ वजा ३७ हा प्रश्न या कामाला वाईट आहे, कारण त्यात दोन्ही चुकांचं उत्तर एकच येतं. ५२ वजा ३८ चांगला आहे. म्हणजे चाचणी काढतानाच ठरवावं लागतं की हा प्रश्न मला काय सांगणार आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर काम केलं. मुलं चुकतात ती बहुतेक वेळा वाटेल तशी चुकत नाहीत, ती एक चुकीचा नियम इमानदारीने पाळत असतात, असं त्यांनी दाखवलं. त्यांनी 'बग्गी' नावाचा प्रोग्रॅम केला. त्यात संगणक चुकणाऱ्या मुलासारखी उत्तरं द्यायचा आणि शिक्षक होऊ पाहणाऱ्यांनी त्यातला बिघडलेला नियम ओळखायचा. माझ्या धंद्यातल्या लोकांनी केलेल्या उपयोगी कामांत मी हे फार वर ठेवतो.

अशी तपासणी आपल्याला नवीन आहे का? नाही. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरात कोणी हिफ्झ केलं आहे? बघा, बरेच हात वर आले. तिथे काय चालतं? नवीन सबक रोज उस्तादांना ऐकवायचा. गेल्या काही दिवसांचं पाठांतर वेगळं ऐकवायचं. जुने पारे, म्हणजे आमोख्ता, ते वेगळे. नावं मदरशागणिक थोडी बदलतात, पद्धत तीच. उस्ताद एकेका मुलाचं ऐकतात. अटकला तिथेच थांबवतात. सबक कच्चा असेल तर पुढचा मिळत नाही. गुण नाहीत, पहिला नंबर नाही. इतकी बारीक तपासणी आपल्या भागातल्या किती शाळांत होते, तुम्हीच सांगा.

अर्थात ती पद्धत पाठांतरासाठी घडलेली आहे. 'असं का?' हा प्रश्न तिच्यात बसत नाही, आणि गणित-विज्ञानात तोच प्रश्न मुख्य. काही ठिकाणी छडीही असते, ती तर कुठेच नको. पण रोज ऐकायचं, एकेकाचं ऐकायचं आणि ऐकून उद्याचा धडा ठरवायचा, हे आपल्या घरचं आहे. त्यासाठी परदेशी पुस्तक लागत नाही.

सरकारनेही हे कागदावर मान्य केलेलं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन आलं. २० ऑगस्ट २०१० रोजी महाराष्ट्राने त्याचा शासन निर्णय काढला. त्यात दोन भाग होते. शिकताना होतं ते आकारिक मूल्यमापन, आणि सत्र संपल्यावर होतं ते संकलित. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा ७० टक्के, सातवी-आठवीला ४०. साधनं दिली: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय, इतकंच काय, मुलांनी एकमेकांचं आणि स्वतःचं केलेलं मूल्यमापनही. मी तो निर्णय वाचला तेव्हा वाटलं, लिहिणाऱ्यांनी मूल पाहिलेलं आहे.

पुढे काय झालं ते शिक्षकांच्या घरातल्या लोकांना माहीत आहे. प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद लिहायची होती. एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, शिवाय निवडणुकीची कामं, माहिती भरण्याची कामं. मग तयार नोंदींची पुस्तकं आली, पीडीएफ आल्या, एक्सेलच्या फाइली आल्या. नाव टाका, श्रेणी टाका, वाक्य तयार: 'कविता तालासुरात म्हणतो', 'गटात सहकार्याने काम करतो'. एक्सेलचं काम सफाईदार असतं, हे मी व्यवसायाने सांगू शकतो. फक्त त्या वाक्यात मूल नसतं. मी शिक्षकांना दोष देत नाही. तपासणी साहेबांना दाखवण्यासाठी करायची म्हटली की ती साहेबांच्या सोयीची होणारच. पण २५ का आलं, हे त्या नोंदवहीत कुठेच सापडत नाही.

आता हे तुमच्यासाठी तातडीचं का आहे, ते सांगतो. आठवीपर्यंत नापास करायचं नाही, ही तरतूद कायद्यात होती. २०१९ मध्ये कायदा बदलला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात बसायचं. आठवीनंतर नववीची गाळणी आधीपासूनच आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलं होतं की देशातली ६ ते १४ वयाची सुमारे २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच सुटली होती. मुलगा एक वर्ष मागे राहिला तर तो गॅरेजमध्ये किंवा मामाच्या दुकानात जातो. मुलगी मागे राहिली तर तिच्यासाठी घरात काय बोलणं सुरू होतं, ते मी इथे बसलेल्या बहिणींना सांगायची गरज नाही. वजाबाकीतला तो न लिहिलेला हातचा कधी कधी एवढा महाग पडतो.

आणि आपण समाज म्हणून काय करतो? जूनमध्ये गुणगौरव सोहळा. हॉल, शाल, ट्रॉफी, ८० टक्क्यांच्या वरच्यांचे फोटो. मला सोहळ्याचा राग नाही, त्या मुलांनी कष्ट केलेले असतात. पण ज्याला ३८ टक्के मिळाले त्याची वही वर्षभरात आपल्यापैकी कोणी उघडली होती का? रूथ बटलर यांचा इस्रायलमधल्या शाळांतला १९८८ चा एक प्रयोग आहे. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसते शेरे, म्हणजे काय जमलं आणि काय सुधारता येईल ते. काहींना दोन्ही. नुसते शेरे मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं. नुसत्या गुणांनी सुधारणा झाली नाही, आणि गंमत म्हणजे गुण आणि शेरे दोन्ही दिले तरीही झाली नाही. आकडा दिसला की शेरा कोण वाचतो? शेजारच्याला किती पडले हेच आधी बघायचं. म्हणून तुमच्या वर्गात रविवारच्या चाचणीचे गुण भिंतीवर लावणं बंद करा, अशी माझी विनंती आहे. वहीत एक ओळ लिहा, आणि ती दुरुस्त करायला दहा मिनिटं तिथेच द्या.

आपल्या मुलांची एक चूक मात्र बाहेरच्याला सहज वाचता येत नाही, ती तुम्हालाच वाचता येईल. मराठी माध्यमातली आपली बरीच मुलं घरात दखनी बोलतात. निबंधात लिहितात, 'माझा घर मोठा आहे', 'पाणी आला', 'माझी पुस्तक हरवली', 'मी भाकरी खाल्लो'. पान लाल होतं, आणि शेरा पडतो, 'मराठी कच्चे'. पण नीट पाहा, यातही नियम आहे. उर्दूत आणि दखनीत नपुंसकलिंग नाही. घर, पाणी, दूध हे शब्द तिकडे पुल्लिंगी, किताब स्त्रीलिंगी. आणि दखनीत 'मैं रोटी खाया' म्हणतात, 'मैंने रोटी खाई' नव्हे. मूल आपल्या घरच्या भाषेचं व्याकरण अचूक पाळतंय. हे ज्या शिक्षकाला माहीत आहे तो वीस फुल्या मारत नाही, 'ते घर, ते पाणी, ते दूध, ते पुस्तक' असा एक तक्ता करून देतो. वीस चुका एका ठिकाणी मिटतात. त्या मुलाला आपण मराठीत मठ्ठ आहोत असं वाटायचंही टळतं. पश्चिमेकडे, भीमाशंकर-नाणेघाटाच्या बाजूला, आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलांनाही घरची बोली आणि पुस्तकाची मराठी यांतलं अंतर रोज चालावं लागतं. तुमचे वर्ग त्यांना उघडे असतील तर फारच चांगलं.

गणितातही भाषा आडवी येते. ४९ ला शाळेत एकोणपन्नास, घरात उनचास. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बावन्नच्या जोडीला 'पन्नास दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढी थट्टा झाली! मंगला नारळीकर त्या विषय समितीच्या अध्यक्षा होत्या, त्यांनी शांतपणे समजावलं. ऐकताना 'बा' आधी येतो म्हणून मूल २ आधी लिहितं, बावन्नचे पंचवीस होतात. ही चूक पाहूनच तो बदल सुचला होता. चुकीतून पुस्तक दुरुस्त करणं म्हणतात ते हे, आणि आपण त्याचे विनोद फॉरवर्ड केले.

तुमच्या शेजारचंच उदाहरण देतो. खोडदला दुर्बीण आहे, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. शाळेच्या सहलीत सगळ्यांनी पाहिली असेल. तिथे दूरचा एखादा स्रोत पाहताना खगोलशास्त्रज्ञ थोड्या थोड्या वेळाने दुर्बीण एका ओळखीच्या स्रोताकडे वळवतात, जो कसा दिसायला हवा हे आधीच ठाऊक असतं. तो तसा दिसला नाही, तर बिघाड आपल्या उपकरणांत किंवा मधल्या वातावरणात आहे. तो किती, ते काढतात आणि खऱ्या निरीक्षणातून दुरुस्त करतात. एवढी महागडी यंत्रणा दर थोड्या वेळाने स्वतःला तपासते. आपण मात्र सहा महिने शिकवून मग पाहतो की मुलांपर्यंत काय पोहोचलं.

हे करायला लागतं किती? पहिल्यांदा प्रत्येक मुलाचं पाच मिनिटं वाचन ऐका, तेही एकट्याचं. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' सर्वेक्षणात हेच करते: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, भागाकार. सातवीतला मुलगा उताऱ्यावर अडकला तर त्याला सातवीचं विज्ञान शिकवून उपयोग नाही, आधी वाचन. त्यासाठी इयत्ता बाजूला ठेवून गट करा. मोठ्या मुलाला लाज वाटेल, तेव्हा त्याच्याकडे लहानांना पाढे ऐकवायचं काम द्या.

शिकवताना 'कळलं का?' विचारू नका. सगळे हो म्हणतात. आणि हात वर करायला सांगितलं की तेच तिघं हात वर करतात, बाकीचे त्यांच्या मागे लपतात. त्यापेक्षा पाट्या आणा. प्रश्न सांगा, अर्धा मिनिट गप्प बसा, आणि 'पाटी वर' म्हणा. पंचवीस उत्तरं एका नजरेत दिसतात. २६ किती, २४ किती, मोजा. पुढची पंधरा मिनिटं कशावर घालवायची ते तुम्हाला पाट्याच सांगतील. २६ लिहिणाऱ्याला रागावू नका, त्याला विचारा, 'कसं केलंस, सांग.' पहिले काही दिवस तो घाबरून पाटी पुसेल. आपल्याकडे 'कसं केलंस' हा प्रश्न उत्तर चुकलं तरच विचारतात, हे मुलांना पाठ झालेलं असतं. म्हणून १४ लिहिणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारा.

एक वही तुम्हीही ठेवा. गुणांची नाही, चुकांची. तारीख, मुलाचं नाव, काय लिहिलं, का लिहिलं असावं. दोन ओळी पुरतात. दर आठवड्याला सगळे शिकवणारे अर्धा तास बसून ती एकमेकांना वाचून दाखवा. मंचरच्या वर्गात सापडलेली चूक ओतूरच्या वर्गातही असणारच.

तुम्हाला मुलांच्या वह्या आणायला सांगितलं होतं. त्या आता काढा. दोघं-दोघं बसा, वही आपल्या वर्गातली नको, दुसऱ्याची घ्या. चुकलेलं एक उत्तर निवडा आणि ते मूल कोणता नियम पाळत होतं ते शोधा. वीस मिनिटांनी प्रत्येक जोडीने फळ्यावर येऊन दाखवायचं आहे.