गर्दी मोजायची ती कोणाची?



वाहतुकीची कोंडी हा तज्ज्ञांचा प्रांत आहे, इतरांनी त्यात पडू नये, असे आपल्याला नेहमी ऐकविले जाते. परंतु तज्ज्ञांचे गणित समजून घेतले की त्यात दडलेले राजकारणही दिसू लागते.

हे गणित दोन प्रकारचे असते. पहिले मागणीचे : कोणत्या वस्तीतून किती माणसे निघतील, कोठे जातील, रेल्वेने, बसने की मोटारीने, याचा अंदाज. दुसरे रहदारीचे : संगणकात एकेक वाहन प्रत्यक्षाप्रमाणे चालवून चौकातली रांग किती लांबते ते पाहावयाचे. यालाच सिम्युलेशन म्हणतात. ही दोन्ही परस्परांपासून तोडली की फसगत होते. दुसऱ्या गणितात वाहनांची संख्या आधीच ठरलेली असते; म्हणून उड्डाणपूल बांधताच कागदावर कोंडी फुटते. प्रत्यक्षात मोकळा रस्ता नव्या मोटारींना आमंत्रण देतो आणि कोंडी पुन्हा उभी राहते. म्हणूनच वाचलेला वेळ मागणीच्या हिशेबात परत घालून, दोहोंचा मेळ बसेपर्यंत आकडेमोड करावी लागते.

मुंबईचेच पाहा. महानगर प्रदेशाच्या २००८ सालच्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत असल्याचे आढळले. उरलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक रेल्वेने व बसने होत होत्या. तरीही पैसा कोठे गेला? २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला, २०२४ साली किनारी रस्त्याचा पहिला टप्पा. या दोन्हींवर साध्या स्कूटरलाही मज्जाव आहे!

आणखी एक गोम आहे. रस्त्याच्या हिशेबात एक बस साधारणतः तीन मोटारींएवढी धरली जाते. तिने अडविलेली जागा मोजली जाते. तिच्यातली साठ माणसे मोजली जात नाहीत. पायी चालणारा तर बहुधा हिशेबाबाहेरच!

म्हणून संगणकाला विरोध ही आपली भूमिका नव्हे. आपली मागणी अशी : प्रत्येक मोठ्या रस्त्याच्या प्रस्तावाआधी दोन्ही गणिते जोडून करावीत, त्यांतील गृहीते मराठीत जाहीर करावीत, तोच पैसा बसगाड्यांवर आणि त्यांच्या राखीव मार्गिकांवर खर्चिला तर काय होईल, तेही त्याच कसोटीवर तपासावे, आणि लाभ मोजावा तो माणसांच्या वाचलेल्या वेळात, वाहनांच्या वेगात नव्हे.

रस्ता सर्वांच्या पैशाने होतो. त्याच्या हिशेबात सर्वांची गणना झालीच पाहिजे.